'संवाद कौशल्य' आणि साहेबांचा चष्मा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात अधूनमधून एक बातमी ठरलेली असते. अमुक औद्योगिक वसाहतीत किंवा तमुक महाविद्यालयात 'संवाद कौशल्य व व्यक्तिमत्त्व विकास' कार्यशाळा उत्साहात पार पडली. सोबत फोटो, समईपाशी पाहुणे, मागे फ्लेक्स. अशा काही कार्यशाळांना कंपनीने मलाही पाठवलं होतं. मी डिचोली तालुक्यातली. औषधं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या पॅकिंग विभागात हेल्पर म्हणून लागले आणि शिफ्ट इन्चार्ज म्हणून निवृत्त झाले. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचं आहे ते त्या एका कारखान्यापुरतं नाही.

या कार्यशाळांबद्दल माझी तक्रार साधी आहे. तिथे बोलायला शिकवतात. नजर कशी मिळवावी, हात किती दाबून मिळवावा, 'गुड मॉर्निंग' कसं म्हणावं, वाक्याची सुरुवात इंग्रजीत कशी करावी. पण आपण जे बोललो ते समोरच्याला कसं लागलं, त्याने त्यातून काय अर्थ काढला, हे शोधायचं कसं, यावर एक अक्षर नसतं. जणू आपण नीट बोललो की समोरच्याला नीटच पोचणार!

आणि एक स्लाइड मात्र हटकून असते. संवादात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के, आवाजाचा 38 आणि देहबोलीचा 55. सगळे माना डोलावतात, वहीत उतरवून घेतात. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांनी अमेरिकेत केलेल्या 1967 सालच्या प्रयोगांतून आले. त्यात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही, एवढंच ओळखायला सांगितलं. भावना आणि आवडनिवड यांच्यापलीकडे हे आकडे लावू नका, असं नंतर खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलेलं आहे. तरी आमच्याकडे ते सगळ्या बोलण्याला लावून मोकळे. आमच्या पॅकिंगच्या हॉलमध्ये तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी, अंगात गळ्यापासून पायापर्यंत गाऊन. 'चार नंबरचा फॉइल रोल बदल' हे माझ्या देहबोलीवरून 55 टक्के कोणाला कळलं असतं, ते त्या वक्त्यांनी येऊन दाखवावं.

पण देहबोलीचा घोटाळा होत नाही असं नाही. आमच्याकडे एक प्लांट मॅनेजर होते, कोल्हापूरकडचे. अतिशय मवाळ माणूस, आवाज कधी चढला नाही. पण ते लाइनवर आले की सगळ्या गप्प. पुढच्या टेबलावरून मागच्या टेबलावर खूण जायची, 'चश्मो काडलो!' साहेबांनी चष्मा काढला की आता कोणाची तरी धडगत नाही, अशी पक्की समजूत. मीही तेच मानत होते, कारण मी कामाला लागले तेव्हा मला तसंच सांगण्यात आलं होतं. नव्या मुलींना पहिल्या दिवशी टोपी कशी घालायची ते शिकवताना हेही शिकवलं जायचं.

एकदा ब्लिस्टरच्या, म्हणजे गोळ्यांच्या पट्ट्या बनवणाऱ्या मशीनच्या, पुढे कार्टनवर छपाई चालू होती. बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, एक्स्पायरी, किंमत. छपाई फिकी होत चालली होती. एक्स्पायरीतला 8 डावीकडून पुसट होऊन 3 सारखा दिसायला लागला. टेबलावरच्या मुलीला ते दिसलं. पण साहेब तिच्या शेजारी उभे, चष्मा हातात, कार्टन नाकाजवळ. ही पोर बोललीच नाही. साहेब जाऊ देत, मग सांगते, असा तिचा विचार. साहेब निवांत दुसऱ्या टोकाला गेले, तिथे थांबले, मग बाहेर पडले. तोवर मशीन चालूच होतं. मशीनला काय, ते धाडधाड कार्टन टाकत राहतं. नंतर ती सगळी थप्पी हातांनी निवडायला लागली, दोन पाळ्यांच्या माणसांनी मिळून, आणि वर त्याचा डेव्हिएशन रिपोर्ट, म्हणजे ठरलेल्या पद्धतीत काय चुकलं याची लेखी नोंद. औषधाच्या धंद्यात चुकीची एक्स्पायरी छापलेला एक डबा जरी बाहेर गेला तरी तो फार्मसीच्या फळीवरून परत मागवायची वेळ येते.

खरा प्रकार कळला तो आमच्या एका जुन्या हेल्परमुळे. कुडणेची होती, निवृत्तीला आलेली, त्यामुळे तिला कोणाचं भय उरलेलं नव्हतं. चतुर्थीच्या सुट्टीनंतर नेवऱ्या घेऊन ती केबिनमध्ये गेली होती. साहेबांनी तिला विचारलं, "मी लाइनवर आलो की तुम्ही सगळ्या गप्प का होता?" ती म्हणाली, "साहेब, तुम्ही चष्मा काढलात की आम्ही देव आठवतो." साहेब आधी हसले. मग म्हणाले, "अहो, मला लांबचं दिसत नाही म्हणून चष्मा आहे. जवळचं बारीक वाचायला तो काढावाच लागतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये त्यांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं. "चष्मा काढला तर मी तारीख वाचतोय. रागावलो तर तोंडाने सांगेन." हॉलमध्ये इतकं हसू पहिल्यांदाच ऐकलं. त्यानंतर एखादी धीट मुलगी 'साहेब, वाचताय की रागावलाय?' असं तोंडावर विचारायची. आणि फिकी छपाई साहेब उभे असतानाच दाखवली जायला लागली.

इथे साहेबांचं काय चुकलं? काहीच नाही. बोलणं मवाळ, वागणं सरळ. कुठल्याही कार्यशाळेत त्यांना पैकीच्या पैकी मिळाले असते. तरी त्यांचा धाक इतका की नजरेसमोर माल खराब होत होता. आपला चेहरा, आपला आवाज, आपली गप्प राहण्याची पद्धत समोरच्याकडे काय होऊन पोचते, हे ज्याच्याकडे पोचतं त्यालाच माहीत असतं. आणि तो हाताखालचा असेल तर सांगत नाही. कॉन्ट्रॅक्टवरचा असेल तर मुळीच नाही, कारण त्याचं कॉन्ट्रॅक्ट पुन्हा होणार की नाही, हे त्याच केबिनमध्ये ठरतं.

आता व्हॉट्सॲपचं सांगते. आमच्याकडे हॉलमध्ये मोबाइल न्यायला बंदी, सगळ्यांचे फोन लॉकरमध्ये. त्यामुळे ग्रुपवर आलेला मेसेज लोक जेवणाच्या सुट्टीत नाहीतर घरी गेल्यावर वाचतात, एकेकटे. एक नवा प्रॉडक्शन एक्झिक्युटिव्ह आला होता, हुशार मुलगा. त्याने सकाळी ग्रुपवर टाकलं, 'कल दो नंबर लाइन का क्लीनिंग किसने किया था?' बस, एवढंच. पुढे नाव नाही, मागे कारण नाही.

कॅंटीनमध्ये दोन नंबरच्या दोघींच्या ताटातला भात तसाच राहिला. एक आठवत बसली की साफसफाईच्या रजिस्टरमध्ये आपण सही केली की नाही. दुसरी म्हणाली, मी मशीन पुसलं, पण खालचा ट्रे तिने पुसला. ती तिसरी दुसऱ्या पाळीची, तिला घरीच मेसेज दिसला. तिचा मला फोन, "मॅडम, मेमो येतलो काय?" तोंडावर आलेल्या पाळीला ती आजारी पडण्याच्या बेतात होती. तिघींच्या तीन हकिगती तयार झाल्या. ग्रुपवर मात्र एकाचंही उत्तर नाही. सगळ्यांचे निळे टिक तेवढे दिसत होते.

संध्याकाळी मी त्या मुलाला विचारलं. तो चक्रावला. आदल्या दिवशी बाहेरची तपासणी झाली होती, आणि तपासणीसाने दोन नंबरची लाइन बघून कौतुक केलं होतं. ज्यांनी काम केलं त्यांची नावं वरती कळवावीत म्हणून तो विचारत होता! 'मला वाटलं दहा जणी हात वर करतील,' म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, कारखान्यात 'कोणी केलं?' असं कोणी विचारलं की पुढे शिक्षाच असते, हे आम्ही शाळेच्या वर्गातच शिकून येतो.

लेखी मजकुराची ही खोड अभ्यासकांनीही मोजून बघितली आहे. 2005 साली जस्टिन क्रुगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना सरळ आणि उपरोधिक अशी दोन्ही प्रकारची वाक्यं ई-मेलने पाठवायला सांगितली, आणि वाचणाऱ्याने कुठलं वाक्य कुठल्या सुरातलं ते ओळखायचं. लिहिणाऱ्यांना वाटलं, शंभरातली 78 ओळखली जातील. प्रत्यक्षात ओळखली गेली 56. नाणं उडवलं असतं तरी 50 आली असती. कारण उघड आहे. लिहिणारा आपलं वाक्य आपल्याच सुरात मनातल्या मनात ऐकत असतो, वाचणाऱ्याला तो सूर कुठून मिळणार? तो आपल्या मनातला सूर लावतो, आणि वरिष्ठाच्या मेसेजला लावायचा सूर बहुधा भीतीचाच असतो.

त्या मुलाला मी एक युक्ती सांगितली, ती त्याने पाळली. ग्रुपवर काही टाकण्याआधी शेजारच्या माणसाला ते मोठ्याने वाचायला द्यायचं. आपण वाचायचं नाही, त्याने वाचायचं. पहिल्याच आठवड्यात स्टोअरमधल्या माणसाने त्याचा एक मेसेज असा काही दरडावून वाचला की त्याने तिथल्या तिथे तो पुसून टाकला. पुढे तो कारण आधी लिहायला लागला आणि प्रश्न नंतर.

काही जण म्हणतील, हल्ली लोक फार हळवे झालेत, आम्ही शिव्या खाऊन शिकलो. मला गोडबोलेपणाचं कौतुक मुळीच नाही. आमच्या मेंटेनन्सचा एक फोरमन दिवसभर ओरडायचा. त्याला कोणी घाबरत नसे. कारण तो मशीनवर ओरडायचा, माणसावर नाही, आणि रात्री दोनला बोलावलं तरी पान्हा घेऊन हजर व्हायचा. त्याला जाऊन 'दादा, माझ्या हातून बेल्ट तुटला' सांगायला नव्या पोरालाही काही वाटत नसे. उलट एक मॅडम होत्या, प्रत्येक वाक्याला 'प्लीज' आणि 'बेटा', पण त्यांना काही सांगितलं की ते संध्याकाळपर्यंत वरती पोचलेलं असायचं, सांगणाऱ्याच्या नावासकट. त्यांना कोणी काही सांगत नसे. तेव्हा प्रश्न आवाज चढवण्याचा नाही. आपल्याला वाईट बातमी वेळेवर कळते की नाही, एवढंच मी बघत आले.

माझा भाचा मोपाला विमानतळावर नोकरीला आहे. त्याच्याकडून एक गोष्ट ऐकली आणि मग मी ती शोधून वाचली. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या कॅनरी बेटांतल्या टेनेरिफ इथे धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, एक केएलएमचं, दुसरं पॅन अॅमचं. 583 माणसं गेली. केएलएमचा कॅप्टन साधासुधा नव्हता, कंपनीच्या इतर वैमानिकांना शिकवणारा ज्येष्ठ माणूस. विमान धावायला लागलं तेव्हा फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, ते पॅन अॅमचं विमान अजून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टनने ठासून सांगितलं, झालं की. विषय तिथेच मिटला. अपघाताला कारणं पुष्कळ होती. धुकं, रेडिओवर एकमेकांवर चढलेले आवाज, संदिग्ध शब्द. पण त्या माणसाला शंका आली होती, ती त्याने बोलूनही दाखवली होती, आणि एका ठाम उत्तरापुढे ती टिकली नाही, हे मला विसरता येत नाही. अशा अपघातांचा अभ्यास करून 1979 साली नासाने एक कार्यशाळा भरवली, आणि त्यातून कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसं बोलायचं आणि कसं ऐकायचं याचं शिक्षण उभं राहिलं. प्रवासी विमानांच्या वैमानिकांना आता ते सक्तीचं आहे. त्यात कनिष्ठाला बोलायला शिकवतात, आणि कॅप्टनला, आपल्या तोंडावर कोणी शंका काढेल असं वागायला.

ही खरी कार्यशाळा. तिला टाय बांधावा लागत नाही.

आता विचारायचं कसं, त्याबद्दल. 'माझं काही चुकतं का?' असं विचारून काहीही हाती लागत नाही. उत्तर ठरलेलं, 'ना मॅडम, सगळें बरें.' आमच्या साहेबांचा प्रश्न बघा, 'मी आलो की तुम्ही गप्प का होता?' डोळ्यांना दिसलेली एक गोष्ट धरून विचारलं, म्हणून उत्तर मिळालं. मी स्वतः पाळी बदलताना एक करत असे. सूचना सांगून झाल्या की 'कळलं ना?' म्हणायचं नाही, कारण त्याला 'हो' शिवाय उत्तर नसतं. 'आता तुम्ही पहिलं काय करणार, ते मला सांगा,' असं म्हणायचं. कधी कधी जे ऐकायला मिळे त्याने मी थक्क होई. 'उरलेले कार्टन बाजूला ठेवा' याचा अर्थ एकीने नव्या बॅचच्या बाजूला असा घेतला होता, आणि जुन्या बॅचचा एक तुकडाही लाइनवर उरता कामा नये, हा तर पॅकिंगचा पहिला नियम!

आणि कोणी धीर करून सांगितलंच, तर त्या क्षणी स्वतःची बाजू मांडायची नाही. 'अगं, माझ्या मनात तसं नव्हतं' हे खरं असलं तरी नंतर सांगावं. लगेच सांगितलं की समोरचीला वाटतं, आपलंच चुकलं, पुढच्या वेळी कशाला बोला. आमचे साहेब चष्म्याचं कारण तिथेच बोलून गेले हे खरं, पण ते हसून सांगितलेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना जाहीर सांगितलं, म्हणून निभावलं. दरवेळी निभावेल असं नाही.

आपल्या गोव्यात तर याची गरज जास्तच. एका पॅकिंग हॉलमध्ये साखळीची कोकणी, पेडण्याची मराठी, बांदा-दोडामार्गहून रोज दुचाकीवर येणाऱ्या मुलांची मालवणी, बेळगाव-खानापूरकडची कानडी वळणाची मराठी, ओडिशा-बिहारच्या मुलांची हिंदी. आपली हिंदी म्हणजे आखूड आणि कोरडी. त्यात मशीनच्या आवाजावर बोलायची सवय झालेला गळा. बाहेर ऑफिसात आलो तरी तो गळा खाली येत नाही, आणि अकाउंट्सवाल्यांना वाटतं पॅकिंगवाले भांडायला आले. बिहारचा मुलगा तर काय समजतो, देव जाणे. त्याला कोणी विचारलेलंच नाही.

म्हणून कार्यशाळा भरवणाऱ्या उद्योग संघटनांना, महाविद्यालयांना आणि आयटीआयवाल्यांना माझी एक विनंती आहे. निदान एक सत्र या विषयाला द्या. वक्ता पुण्या-मुंबईहून नको. त्याच कारखान्यातली एखादी हेल्पर, एखादा कॉन्ट्रॅक्टवरचा मुलगा पुढे बसवा, आणि साहेब लोकांनी रोजच्या सूचना त्यांना देऊन बघाव्यात. मग त्यांनी काय ऐकलं ते त्यांनी सांगावं, कोकणी-मराठीत किंवा जमेल त्या भाषेत. जे सांगतील त्याची नोंद त्यांच्या नावावर कुठे जाणार नाही, एवढी लेखी हमी मात्र कंपनीने आधी द्यावी, नाहीतर पुन्हा 'सगळें बरें'च ऐकायला मिळेल. आणि वेळ दुपारी साडेतीनची ठेवावी. पहिली पाळी तीनला सुटते. संध्याकाळी उशिरा ठेवलीत तर वाळपई-साखळीकडच्या बायका बस चुकेल म्हणून यायच्या नाहीत, आणि ज्यांच्याकडून ऐकायचं त्याच घरी, असं होईल.

आपली,
एक निवृत्त शिफ्ट इन्चार्ज, डिचोली